इंग्लंडमधल्या जुन्या गढीचं राजाचं परवानगीपत्र कसं शोधायचं आणि कसं वाचायचं

इंग्लंडमध्ये राहणारे किंवा फिरायला गेलेले आपले लोक किल्ले बघायला जातात, तिकीट काढतात, गेटपाशी लावलेला बोर्ड वाचतात, आणि त्यावर हमखास एक ओळ असते की अमुक सरदाराला अमुक साली राजाने ‘लायसन्स टू क्रेनेलेट’ दिलं, म्हणजे घराला तटबंदी करून वर चर्या काढायची परवानगी दिली. बहुतेक जण ते साल म्हणजेच बांधकामाचं साल असं धरून चालतात आणि पुढे जातात. तिथेच गडबड होते. ही परवानगी म्हणजे एक वेगळा कागद आहे, त्याची नोंद बहुतेक वेळा आजही सापडते, घरबसल्या आणि फुकट सापडते, आणि ती नीट वाचली की त्या घराच्या मालकाबद्दल जे कळतं ते बोर्डावर कधीच लिहिलेलं नसतं. ती शोधायची कशी, तिच्यात नेमकं काय बघायचं आणि मग जागेवर जाऊन काय ताडून बघायचं ते सगळं इथे सांगते.

आधी थोडं मागचं. चर्या म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या कठड्यात एक उंच एक खाली असे जे दाते दिसतात ते, आपल्या सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर पाकळीसारख्या असतात, तिकडे बहुतेक चौकोनी. स्टीफन राजाच्या काळात, ११३५ ते ११५४, यादवी माजली आणि ज्याला जमेल त्याने किल्ला ठोकून दिला, नंतर मॅग्ना कार्टाच्या १२१७ च्या आवृत्तीत तर युद्धाच्या काळात उभे राहिलेले बेकायदा किल्ले पाडून टाका असं सरळ कलमच आहे. त्यामुळे आपल्याला वाटतं की राजा घाबरलेला असणार आणि प्रत्येक चर्येवर त्याची नजर असणार. पण १२०० नंतरच्या ज्या सुमारे पाचशे परवानग्या माहीत आहेत त्या वाचत गेलं की चित्र वेगळं दिसतं, कारण मागणाऱ्याला ती सहसा मिळतेच, आणि परवानगी नाही म्हणून राजा शांततेच्या काळात लोकांची घरं पाडत सुटलाय असंही दिसत नाही. मागणारेही सगळे लढवय्ये नव्हते. लोकर विकणारे व्यापारी होते, बिशप होते, मठ होते, लंडनचा मेयर होता. राजाने आपल्याला ‘प्रिय आणि एकनिष्ठ’ म्हणून मोहोरबंद कागद दिला, यातच त्यांचं मोठं समाधान होतं असं माझं मत आहे, आणि या कागदाकडे त्याच नजरेने बघा असं मी कुणालाही सांगेन.

आता शोधायचं कसं. पहिली गोष्ट, जागेचं नाव घेऊन बसू नका, माणसाचं नाव मिळवा. जागांची स्पेलिंगं तेव्हा कशीही लिहायचे, ससेक्समधल्या बोडियम किल्ल्याच्या सनदेत, म्हणजे परवानगीपत्रात, मधे वाय घालून बोडीहॅम असं काहीतरी येतं, त्यामुळे आजच्या स्पेलिंगने सर्च मारला तर हाती काही लागत नाही आणि आपण समजतो की नोंदच नाही. शिवाय एकाच सनदेत एका माणसाची दोन-तीन-चार घरं असू शकतात. विल्यम हेस्टिंग्ज या सरदाराला चौथ्या एडवर्डने १४७४ मध्ये परवानगी दिली ती अ‍ॅशबी, कर्बी मक्सलो आणि अजून काही ठिकाणं अशी एकत्र होती, आणि ती नोंद हेस्टिंग्जच्या नावाने पटकन सापडते.

माणूस आणि अंदाजे साल मिळालं की ‘कॅलेंडर ऑफ पेटंट रोल्स’ उघडायचं. पेटंट म्हणजे उघडी सनद, जी वाचायला मोहोर फोडावी लागत नाही, कुणालाही दाखवता येते अशी. राजाच्या चॅन्सरीत म्हणजे मुख्य दफ्तरात अशी प्रत्येक सनद बाहेर जाताना तिची नक्कल चामड्याच्या पट्टीवर उतरवायचे, मग त्या पट्ट्या एकाखाली एक शिवून गुंडाळी करायचे, आणि १२०१ पासूनच्या या गुंडाळ्या आज लंडनमध्ये क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्ज या सरकारी दफ्तरखान्यात आहेत, त्यांचा क्रमांक सी ६६. मूळ मजकूर लॅटिन, पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांचे इंग्रजीत सारांश छापायला सुरुवात झाली, त्यांनाच कॅलेंडर म्हणतात. हे जाडजूड खंड स्कॅन होऊन इंटरनेट आर्काइव्ह आणि हाथीट्रस्ट या ऑनलाइन ग्रंथसाठ्यांवर पडलेले आहेत. खंड राजाप्रमाणे आणि सालाप्रमाणे आहेत, म्हणजे दुसऱ्या रिचर्डचा १३८५ ते १३८९ असा एक खंड, त्यात १३८५ च्या ऑक्टोबरातलं सगळं. खंडाच्या मागे इंडेक्स असतो, तो आधी बघा, पीडीएफमधला सर्च नंतर, कारण स्कॅन केलेल्या जुन्या छपाईत अक्षरं फुटतात आणि ‘क्रेनेलेट’ हा शब्द ओळीच्या शेवटी तुटलेला असला तर सर्चला तो दिसतच नाही. सगळ्यात जुन्या नोंदी, तिसऱ्या हेन्रीच्या काळातल्या १२३२ पर्यंतच्या, सारांश न करता लॅटिनमध्येच छापल्यात, तिथे के-ने सुरू होणारं ‘केर्नेलारे’ किंवा नुसतं ‘फिर्मारे’ म्हणजे मजबूत करणे असे शब्द शोधावे लागतात.

नोंद सापडली की तारीख काढायची, आणि इथे घाई करू नका. इसवी सन लिहिलेलं नसतं, राजाच्या कारकिर्दीचं वर्ष असतं, आपल्याकडच्या शिवकालीन पत्रांत राज्याभिषेक शक असतो आणि जंत्री घेऊन बसावं लागतं तसंच थोडंफार. दुसऱ्या रिचर्डची कारकीर्द २२ जून १३७७ ला सुरू झाली, म्हणजे त्याचं नववं वर्ष २२ जून १३८५ ते २१ जून १३८६. सनदेवर २० ऑक्टोबर, नववं वर्ष असं असेल तर ते १३८५, पण तीच सनद मार्चमधली असती तर १३८६ धरावं लागलं असतं. वर अजून एक गुंता, इंग्लंडमध्ये तेव्हा नवीन वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतली घटना जुन्या पुस्तकांत एक वर्ष मागची दिसते. केंटमधल्या कूलिंगच्या गढीसाठी जॉन दि कोबमला फेब्रुवारीत परवानगी मिळाली, आपल्या हिशोबाने १३८१, पण कुठेतरी १३८० छापलेलं दिसलं तर दोन वेगवेगळ्या सनदा होत्या असा निष्कर्ष काढू नका. छापील कॅलेंडरच्या मार्जिनमध्ये साल लावून दिलेलं असतं, तरी एकदा स्वतः हिशोब करून बघा, एकदा जमलं की कायमचं जमतं.

आता मजकूर. बोडियमचा घेऊ, कारण तो सगळ्यात जास्त वेळा उद्धृत होतो आणि सगळ्यात जास्त वेळा चुकीचा समजला जातो. ससेक्समधला एडवर्ड डॅलिंग्रिज हा नाइट, त्याला २० ऑक्टोबर १३८५ ला दुसऱ्या रिचर्डकडून वेस्टमिन्स्टरला ही सनद मिळाली. आशय असा की आमच्या विशेष कृपेने, आमच्या आणि आमच्या वारसांच्या वतीने, आमचा प्रिय आणि एकनिष्ठ एडवर्ड याला आम्ही परवानगी देतो की ससेक्स परगण्यात समुद्राजवळ बोडियम इथलं त्याचं राहतं घर त्याने दगड-चुन्याच्या भिंतीने मजबूत करावं, त्यावर चर्या काढाव्यात, त्याचा किल्ला करावा, आजूबाजूच्या मुलखाच्या रक्षणासाठी आणि आमच्या शत्रूंना तोंड देण्यासाठी, आणि ते त्याने आणि त्याच्या वारसांनी कायम भोगावं, आमच्या कोणत्याही अधिकाऱ्याने आडकाठी करू नये.

यात साचा कुठला आणि खास काय हे वेगळं काढायला शिका, सगळी गंमत त्यात आहे. ‘विशेष कृपेने’, ‘प्रिय आणि एकनिष्ठ’, ‘दगड-चुन्याच्या भिंतीने’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘मूरो दे पेत्रा एत काल्के’, ‘कायम भोगावं’, ‘आडकाठी करू नये’ हा सगळा कारकुनाचा ठरलेला साचा, शेकडो सनदांत तोच असतो, त्यावरून राजाला त्या माणसाबद्दल प्रेम होतं की नव्हतं ते कळत नाही आणि भिंत खरंच दगडाची बांधली का तेही कळत नाही. पण ‘त्याचा किल्ला करावा’ हे नेहमीचं नाही, नेहमी नुसतं घर मजबूत करा एवढंच असतं. ‘समुद्राजवळ’ हेही नाही, आणि ‘मुलखाच्या रक्षणासाठी’ हे कारण देणं तर फारच कमी वेळा. आता नकाशा उघडा. समुद्र तिथून पंधरा-सोळा किलोमीटर लांब आहे. किल्ल्याजवळची रॉदर नदी तेव्हा नावा चालण्याजोगी होती आणि फ्रेंचांनी १३७७ मध्ये राय हे बंदर जाळलं होतं, त्यामुळे भीती अगदीच खोटी नव्हती, पण समुद्राजवळ हे शब्द दफ्तरातल्या कारकुनाला आपणहून सुचणार नाहीत, ते मागणाऱ्याच्या अर्जातून आले असणार असं मला वाटतं. म्हणून साच्याबाहेरचा शब्द दिसला की थांबायचं आणि तो कुणाला का हवा होता असं विचारायचं. अजून एक, सनद म्हणते राहतं घर मजबूत करा, पण डॅलिंग्रिजने जुन्या घराला हात न लावता नव्या जागी, चारी बाजूंनी पाणी असलेला अख्खा नवीन चौकोनी किल्ला बांधला. कुणी त्याला काही म्हटलं नाही.

मग त्या माणसाची मागची-पुढची पाचेक वर्षं काढा. हे काम कंटाळा न करता करा कारण सगळ्यात जास्त उत्तरं इथेच मिळतात. पार्लमेंटात गेलेला माणूस असेल तर ‘हिस्ट्री ऑफ पार्लमेंट’ या प्रकल्पाची चरित्रं ऑनलाइन फुकट आहेत, आणि यूकेत राहत असाल तर लायब्ररीच्या कार्डवर मोठा राष्ट्रीय चरित्रकोशही बहुतेक ठिकाणी घरून उघडतो. डॅलिंग्रिजने फ्रान्सच्या लढायांत रॉबर्ट नोल्स या सेनानीच्या हाताखाली पैसा कमावला, बोडियमची जमीन त्याला बायको एलिझाबेथ वॉर्ड्यूकडून आली, आणि १३८४ मध्ये तो राजाचा काका जॉन ऑफ गाँट याच्याशी ससेक्समध्ये घेतलेल्या वैरापायी कोर्टात उभा होता, कैदेतही गेला. आणि पुढच्याच वर्षी ही सनद! आता ‘प्रिय आणि एकनिष्ठ’ हे शब्द त्याने शेजारपाजारच्या जमीनदारांना किती अभिमानाने दाखवले असतील याचा विचार करा. किल्ल्याच्या मुख्य दरवाजावर त्याच्या आणि बायकोच्या घराण्याची चिन्हं कोरलेली आहेत आणि मागच्या दरवाजावर नोल्सचं चिन्ह, ती बघितल्याशिवाय परत येऊ नका.

नोंदीची शेवटची ओळ बहुतेक जण सोडून देतात, ती सोडू नका. सारांशाच्या शेवटी बारीक अक्षरात ‘बाय पी. एस.’ असं काही असतं, म्हणजे राजाच्या खासगी मोहोरेचं पत्र दफ्तरात आलं आणि त्यावरून सनद निघाली, किंवा ‘बाय के.’ म्हणजे राजाने स्वतः सांगितलं, आणि कधी हॅनपरमध्ये, म्हणजे चॅन्सरीच्या फीच्या खात्यात, अर्धा मार्क भरला असं असतं. मार्क म्हणजे १३ शिलिंग ४ पेन्स, अर्धा म्हणजे ६ शिलिंग ८ पेन्स, किल्ला बांधायच्या खर्चापुढे काहीच नाही. ही ओळ सांगते की माणूस राजापर्यंत कोणत्या वाटेने पोचला.

काही वेळा तर वाट शोधायचीच गरज नसते. यॉर्कशरमधला बोल्टन घ्या. रिचर्ड स्क्रोपने गवंडी जॉन ल्यूइनबरोबर बांधकामाचा करार १३७८ च्या सप्टेंबरमध्ये केला, काय बांधायचं ते त्यात सगळं लिहिलेलं, आणि परवानगीची तारीख आहे जुलै १३७९, म्हणजे बांधकामाचा करार होऊन दहा महिने उलटल्यावर. आणि त्या वेळी इंग्लंडचा चॅन्सेलर, ज्याच्या दफ्तरातून अशा सनदा निघायच्या, तो कोण होता तर हाच स्क्रोप. श्रॉपशरमधल्या अ‍ॅक्टन बर्नेलचंही तसंच, १२८४ ची परवानगी, मालक रॉबर्ट बर्नेल, पहिल्या एडवर्डचा चॅन्सेलर. अशा वेळी राजाने सरदारावर अंकुश ठेवला वगैरे वाक्य लिहायचा मोह टाळा.

बांधकामाचं साल आणि सनदेचं साल वेगळं ठेवायचं म्हणते ते यासाठीच. नॉर्थम्बरलंडमधल्या डन्स्टनबराचं काम लँकेस्टरच्या थॉमसने १३१३ मध्ये सुरू केलं आणि परवानगी १३१५ ची. सॉमरसेटमधल्या फार्ली हंगरफर्डला थॉमस हंगरफर्डने आधी तटबंदी करून टाकली आणि मग १३८३ मध्ये राजाकडून माफीचं पत्र मिळवलं, म्हणून परवानगी सापडली नाही तर ‘पार्डन’ या शब्दाखालीही बघा. उलटंही होतं, परवानगी असूनही काम पुरं होत नाही. वर आलेला हेस्टिंग्ज, त्याला १४७४ ला परवानगी, विटांचं काम लावलं १४८० ला, आणि १४८३ मध्ये तिसऱ्या रिचर्डने, अजून राजा व्हायच्या आधीच, त्याचं डोकं उडवलं. कर्बी मक्सलो आजही अर्धवट उभं आहे, विटांतली नक्षी दिसते आणि दरवाजाच्या इमारतीचा वरचा भाग नाहीच.

शोधूनही नोंद मिळाली नाही तर दोन शक्यता तपासा. एक म्हणजे जागा उत्तर इंग्लंडमधल्या डरहॅमच्या बिशपच्या मुलखात आहे का. तिथे बिशपला जवळजवळ राजाचेच अधिकार होते, रॅबीच्या किल्ल्याला जॉन नेव्हिलने १३७८ मध्ये परवानगी बिशप हॅटफिल्डकडून घेतली, ती राजाच्या पेटंट रोलमध्ये कशी मिळणार. तिथल्याच लमली किल्ल्याच्या मालकाने तर दोन्हीकडून घेतली, १३८९ ला बिशपकडून आणि १३९२ ला राजाकडून. दुसरी शक्यता म्हणजे अगदी सुरुवातीची सनद असेल तर ती चार्टर रोलमध्ये, म्हणजे चॅन्सरीच्याच दुसऱ्या प्रकारच्या गुंडाळ्यांत, असू शकते, त्याचा क्रमांक सी ५३. दोन्हीकडे नसेल तर त्या घराला परवानगी बहुधा नव्हती असं म्हणता येईल, अशी घरं भरपूर आहेत, त्यात कमीपणा काही नाही.

आता जागेवर. सोबत नोंदीचा प्रिंट किंवा फोनवर स्क्रीनशॉट ठेवा आणि बाहेरून सुरुवात करा. स्टोकसे या श्रॉपशरमधल्या गढीला पहिल्या एडवर्डने १२९१ मध्ये परवानगी दिली, मालक लॉरेन्स ऑफ लडलो, देशातला बडा लोकर व्यापारी, १२९४ मध्ये लोकरीचं जहाज घेऊन जाताना समुद्रात बुडून मेला. दक्षिणेचा बुरूज बघा, जाड भिंती, वर चर्या, सनदेतला शब्द न् शब्द दगडात उतरलेला. मग मधल्या हॉलकडे वळा. खिडक्या इतक्या उंच आणि रुंद आहेत की संध्याकाळचं ऊन आत पसरतं, बाहेरच्या बाजूलाही तशाच, आणि शत्रू चालून आला तर पहिला दगड तिथूनच आत येईल. लॉरेन्सला चोरा-दरोडेखोरांपासून बचाव हवा होता, वेल्सची सरहद्द जवळ होती, पण त्याला उजेडही हवा होता आणि लोकांनी लांबून बघून हे कुणा मोठ्या माणसाचं घर आहे असं म्हणायलाही हवं होतं. त्यामुळे चर्या कुठल्या बाजूला आहेत ते नक्की बघा, रस्त्याकडून दिसणाऱ्या बाजूला जास्त आणि मागे नाहीत असं असेल तर लिहून ठेवा. कठड्यामागे माणूस उभा राहील एवढी जागा आहे का, खंदकातलं पाणी एका जागी बांध फोडून सोडून देता येईल का, जंग्या, म्हणजे भिंतीतल्या नेम धरायच्या फटी, खऱ्या कामाच्या आहेत की मागे उभं राहून नेम धरताच येणार नाही, हे सगळं तपासा. फक्त एक लक्षात ठेवा, आज दिसणाऱ्या चर्या पुष्कळदा एकोणिसाव्या शतकातल्या डागडुजीतल्या असतात, दगडाचा रंग आणि कडा वेगळ्या दिसल्या की शंका घ्या.

आणि कूलिंगला जमलं तर जाच. तिथे सनद दफ्तरात शोधायचीही गरज नाही, जॉन दि कोबमने ती दरवाजावरच लावून ठेवली. फ्रेंच जहाजं १३७९ मध्ये थेम्सच्या तोंडापर्यंत घुसली होती, त्यानंतर त्याने परवानगी घेतली आणि बाहेरच्या दरवाजाच्या बुरुजावर तांब्याचा पत्रा ठोकला, त्याला सनदेसारखा आकार, खाली लोंबणारी मोहोरही काढलेली, आणि त्यावर लॅटिन नाही, फ्रेंच नाही, चक्क इंग्रजीत चार ओळी, की आज आहेत त्यांनी आणि पुढे होतील त्यांनी जाणून घ्यावं, मला मुलखाच्या मदतीसाठी बांधलंय, आणि त्याची ही सनद आणि साक्ष. किल्ला खासगी घर आहे, आत जाऊ नका, पण दरवाजा रस्त्यावरून दिसतो, पत्र्यावरची अक्षरं वाचायला दुर्बीण न्या.

पहिल्यांदा करत असाल तर बोडियमपासून सुरू करा, दुसऱ्या रिचर्डचा १३८५ चा खंड उघडून ती एक नोंद स्वतः शोधा, मग बोल्टन, मग तुमच्या घराजवळची एखादी गढी जिच्याबद्दल कुणी फारसं लिहिलेलं नाही. आणि लंडनला असाल तर एक दिवस काढून क्यूला जा. रीडर्स तिकीट फुकट मिळतं, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा न्या, कॅलेंडरमध्ये नोंदीच्या वर मेंब्रेन म्हणून जो आकडा असतो, म्हणजे गुंडाळीतली कितवी पट्टी, तो टिपून ठेवा, कारण गुंडाळी अनेक मीटर लांब असते आणि तो आकडा हाताशी नसेल तर अर्धा दिवस नुसतं उलगडण्यात जातो.